मर्सिडीज-बेंझ डब्ल्यू१२४

मर्सिडीज-बेंझ डब्ल्यू१२४ हे डेमलर-बेंझ या जर्मन कंपनीने १९८४ ते १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत तयार केलेल्या मध्यम आकाराच्या आलिशान मोटारगाड्यांच्या मालिकेचे अंतर्गत सांकेतिक नाव आहे. 'ई-क्लास' हे आज परिचित असलेले नाव प्रथम याच मालिकेला मिळाले. भारतात जुळणी होऊन विकली गेलेली ही पहिली मर्सिडीज-बेंझ मोटार होय. १९९५ साली पिंपरी-चिंचवड येथे तिची जुळणी सुरू झाली. या प्रकल्पातूनच पुढे खेड तालुक्यातील कुरुळी व निघोजे या गावांच्या हद्दीत कंपनीचा स्वतंत्र कारखाना उभा राहिला. बाजारात या गाडीला मर्यादित यश मिळाले; मात्र जुन्या मोटारींचा छंद असणाऱ्यांमध्ये तिला जे स्थान लाभले आहे, ते तिच्या काळातील दुसऱ्या कोणत्याही भारतात जुळवलेल्या आलिशान गाडीला क्वचितच मिळाले असेल.

रचना

डब्ल्यू१२४ ही १९७६ पासून तयार होणाऱ्या डब्ल्यू१२३ या मालिकेची उत्तराधिकारी होती. १९८४ च्या अखेरीस सेदान, १९८५ मध्ये इस्टेट, १९८७ मध्ये दोन दरवाजांची कूपे आणि १९९१ मध्ये उघड्या छताची आवृत्ती सादर झाली. सर्व प्रकार मिळून पंचवीस लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. त्या वेळी कंपनीच्या आरेखन विभागाचे प्रमुख ब्रुनो साको हे होते. गाडीची बाह्यरेषा सरळ आणि अलंकारविरहित आहे. मागील बाजू वरून किंचित निमुळती होत जाते आणि डिकीचे झाकण थेट बंपरपर्यंत खाली येते, त्यामुळे सामान ठेवताना ते उंच उचलावे लागत नाही. हवेच्या रोधाचा गुणांक काही प्रकारांत ०.२९ इतका कमी होता. त्या काळातील सेदान गाड्यांच्या तुलनेत हा आकडा उल्लेखनीय आहे.

मागील प्रत्येक चाक पाच स्वतंत्र दांड्यांनी धरून ठेवणारी निलंबन रचना कंपनीने १९८२ च्या '१९०' या लहान गाडीत प्रथम आणली होती. तीच डब्ल्यू१२४ मध्ये वापरली गेली. रस्ता खडबडीत असला तरी चाक आपल्या कोनातून फारसे ढळत नाही, हा तिचा मुख्य गुण. आणि दांड्यांच्या टोकांना असलेल्या रबरी बुशांची संख्या मोठी असते, हा तिचा दोष. समोरच्या काचेवर एकच वायपर असून तो फिरताना आत-बाहेर सरकतो व काचेचा सुमारे ८६ टक्के भाग पुसतो. त्याची यंत्रणा पाहणाऱ्याला गुंतागुंतीची वाटते. गाडीची ओळख सांगताना मात्र आजही बहुतेक जण आधी या वायपरचाच उल्लेख करतात.

१९९३ च्या मध्यात मालिकेचे बाह्यरूप बदलण्यात आले. समोरची जाळी बोनटमध्येच सामावली गेली, कंपनीचा तारा जाळीच्या चौकटीवरून बोनटवर आला आणि पुढील दिशादर्शक दिव्यांच्या काचा पांढऱ्या झाल्या. नावांची पद्धतही याच वेळी उलटली. पूर्वीची '२२०ई' आता 'ई२२०' झाली. भारतात जुळवलेल्या सर्व गाड्या या नव्या रूपातील आहेत. त्यापूर्वीच्या रूपातील ज्या थोड्या गाड्या भारतात आढळतात, त्या आयात केलेल्या आहेत.

टेल्को आणि डेमलर-बेंझ

मर्सिडीज-बेंझचा तारा भारतीय रस्त्यांवर मोटारींच्या कितीतरी आधी मालमोटारींवर दिसत होता. टाटा इंजिनीअरिंग अँड लोकोमोटिव्ह कंपनीने (टेल्को, आजची टाटा मोटर्स) १९५४ साली डेमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार करून जमशेदपूर येथे मालमोटारी बांधण्यास प्रारंभ केला. 'टाटा-मर्सिडीज-बेंझ' या नावाने त्या ओळखल्या जात. १९६९ मध्ये करार संपला, तारा गेला आणि त्याच्या जागी टाटांचे 'टी' हे अक्षर आले. दरम्यान १९६६ मध्ये टेल्कोने पुण्याजवळ पिंपरी-चिंचवड परिसरात दुसरा प्रकल्प उभारण्यास सुरुवात केली होती. सुमंत मुळगावकर यांच्या नेतृत्वाखाली तेथे साचे व यंत्रे बनवण्याची क्षमता आणि प्रशिक्षण विभाग आधी उभे राहिले, वाहने नंतर आली. या क्रमामुळे परिसरात कुशल कारागिरांचा आणि सुटे भाग पुरवणाऱ्या लहान उद्योगांचा मोठा वर्ग तयार झाला. पुढे परदेशी मोटार कंपन्यांनी पिंपरी-चिंचवड आणि चाकण हा पट्टा निवडला, त्यामागे हेही एक प्रमुख कारण होते.

१९९१ च्या आर्थिक उदारीकरणानंतर १९९३ मध्ये प्रवासी मोटारींच्या उत्पादनावरील परवाना पद्धत उठवण्यात आली. त्यानंतर जुन्या भागीदारांनी पुन्हा हातमिळवणी केली आणि १९९४ साली मर्सिडीज-बेंझ इंडिया ही संयुक्त कंपनी स्थापन झाली. तीत जर्मन कंपनीचा वाटा ५१ टक्के, तर टेल्कोचा ४९ टक्के होता. पुढील काळात टेल्कोचा हिस्सा कमी होत गेला व कंपनी पूर्णपणे जर्मन मालकीची झाली. टेल्को याच काळात स्वतःची 'इंडिका' ही मोटार विकसित करत होती, ती १९९८ मध्ये लोकांसमोर आली.

पिंपरीतील जुळणी

पिंपरी-चिंचवडच्या चिखली भागात, टेल्कोच्या आवारातील जागेत, १९९५ साली डब्ल्यू१२४ ची जुळणी सुरू झाली. जर्मनीहून सुट्या स्वरूपात येणारे संच येथे जोडले जात. जर्मनीत या सेदानचे उत्पादन त्याच वर्षी थांबले आणि तिच्या जागी डब्ल्यू२१० ही नवी मालिका आली. म्हणजे भारतात जी गाडी 'नवी' म्हणून दाखल झाली, ती तिच्या मायदेशी इतिहासजमा होत होती. भारतीय ग्राहकांना हे ठाऊक होते आणि कंपनीच्या सुरुवातीच्या अडचणींत याचा वाटा होता.

भारतात प्रामुख्याने दोन प्रकार विकले गेले. ई२२० मध्ये २.२ लिटर क्षमतेचे, चार सिलिंडरचे व सोळा झडपांचे पेट्रोल इंजिन होते. त्याची शक्ती १५० अश्वशक्ती इतकी होती. ई२५० डिझेलमध्ये २.५ लिटरचे पाच सिलिंडरचे, टर्बोरहित डिझेल इंजिन असून ते ११३ अश्वशक्ती निर्माण करीत असे. हे आकडे आज साधारण वाटतात. परंतु त्याच काळात भारतातील बहुसंख्य मोटारी चाळीस ते साठ अश्वशक्तीच्या आसपास होत्या, हे लक्षात घ्यावे लागते. पाच सिलिंडरच्या डिझेल इंजिनाचा थोडा विषम, खोल आवाज जुने चालक दुरूनही ओळखतात.

पेट्रोल गाडीच्या वाट्याला आणखी एक योगायोग आला. १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कोलकाता व चेन्नई या चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटलिटिक कन्व्हर्टर बसवणे सक्तीचे झाले आणि तेथे शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले. देशभर शिसेविरहित पेट्रोल उपलब्ध होण्यास २००० साल उजाडले. मधल्या पाच वर्षांत मुंबईहून निघालेल्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्राच्या अंतर्भागात योग्य इंधन मिळेलच याची खात्री नव्हती, कारण शिसेयुक्त पेट्रोलने कन्व्हर्टर निकामी होतो. लांबच्या प्रवासासाठी डिझेल आवृत्ती सोयीची ठरण्याचे हे एक कारण, डिझेलचा कमी दर हे दुसरे.

बाजारातील प्रतिसाद

विक्री अपेक्षेपेक्षा बरीच कमी राहिली. गाडीची किंमत मारुती ८०० च्या दहापटीहून अधिक होती. त्या काळी अशी रक्कम मोजू शकणारा ग्राहक परदेशातील नव्या मालिकांविषयी चांगला जाणकार होता आणि त्याला मागच्या पिढीची गाडी नको होती. दुसरीकडे, देवू सिएलो, ओपेल अ‍ॅस्ट्रा, फोर्ड एस्कॉर्ट यांसारख्या परदेशी नावांच्या गाड्या याच दोन-तीन वर्षांत बऱ्याच कमी किमतीत उपलब्ध झाल्या. त्यांची तुलना मर्सिडीजशी होऊ शकत नव्हती, पण 'परदेशी गाडी' या शब्दांना असलेले दुर्मिळतेचे वलय त्यांनी उतरवले. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात पिंपरीत डब्ल्यू२१० ची जुळणी सुरू झाली आणि डब्ल्यू१२४ चा भारतातील अध्याय काही वर्षांतच संपला.

या अपयशाचा एक परिणाम विलंबाने दिसून आला. गाड्या थोड्या विकल्या गेल्या, त्यांचे पहिले मालक लवकर नव्या मालिकांकडे वळले आणि जुन्या गाड्यांचे भाव वेगाने कोसळले. २००० च्या दशकात डब्ल्यू१२४ वापरलेल्या गाड्यांच्या बाजारात एखाद्या साध्या नव्या मोटारीच्या किमतीत मिळू लागली. आजच्या छंदिष्टांपैकी अनेकांच्या हाती ती याच काळात आली. स्वस्तात घेतलेल्या कित्येक गाड्या मात्र दुरुस्तीचा खर्च न झेपल्याने भंगारात गेल्या.

कुरुळी येथील कारखाना

भाड्याच्या जागेतील उत्पादनाला असलेल्या मर्यादा लक्षात घेऊन कंपनीने चाकण औद्योगिक क्षेत्राच्या तिसऱ्या टप्प्यात सुमारे १०० एकर जागा घेतली आणि २००९ मध्ये उत्पादन तेथे हलवले. ही जागा खेड तालुक्यातील कुरुळी व निघोजे या दोन गावांच्या हद्दीत येते. कुरुळी हे पुणे-नाशिक महामार्गावर मोशी आणि चाकण यांच्या दरम्यान वसलेले गाव आहे. ज्या चाकणची ओळख संग्रामदुर्ग हा भुईकोट आणि कांद्याचा बाजार यांनी होत असे, त्याच्या परिसराचे स्वरूप या काळात झपाट्याने बदलले. फोक्सवॅगनचा कारखानाही २००९ मध्येच याच पट्ट्यात सुरू झाला.

कुरुळीच्या कारखान्यात डब्ल्यू१२४ कधीच बनली नाही. तरीही तिच्या वंशातील गाड्या तेथे तयार होतात. २०१७ मध्ये लांब चाकतळाची ई-क्लास तेथून बाहेर पडली. उजव्या बाजूस सुकाणू असलेली तशी ई-क्लास जगात प्रथमच विक्रीस आली. २०२० मध्ये एएमजी जीएलसी ४३ कूपे ही भारतात जुळवलेली पहिली एएमजी गाडी ठरली. सप्टेंबर २०२२ मध्ये ईक्यूएस ५८० या विजेवर चालणाऱ्या मोटारीची जुळणी सुरू झाली.

५००ई, 'हॅमर' आणि 'मसल कार' हा वाद

जुन्या मोटारींच्या छंदिष्टांच्या गप्पांत डब्ल्यू१२४ चा विषय निघाला की तिला 'मसल कार' म्हणता येईल का, हा प्रश्न हमखास येतो. या संज्ञेचा मूळ अर्थ बराच नेमका आहे. मध्यम आकाराच्या, तुलनेने स्वस्त अमेरिकन गाडीत मोठ्या गाडीचे आठ सिलिंडरचे व्ही८ इंजिन बसवून तयार केलेली वेगवान मोटार, असा तो अर्थ. १९६४ ची पाँटियाक जीटीओ ही या प्रकाराची प्रवर्तक मानली जाते. मध्यम आकाराच्या गाड्यांत मोठे इंजिन बसवण्यास जनरल मोटर्सची अंतर्गत मनाई होती. जॉन डिलोरियन व त्यांच्या सहकाऱ्यांनी जीटीओ ही वेगळी गाडी न दाखवता 'टेम्पेस्ट' या गाडीवरील ऐच्छिक जोड म्हणून दाखवली आणि ६.४ लिटरचे इंजिन तीत बसवले. विम्याचे वाढते हप्ते, १९७० चा हवा प्रदूषणविषयक कायदा आणि १९७३ चे तेलसंकट यांनी दहा वर्षांच्या आत हा प्रकार जवळजवळ संपवला.

महाराष्ट्रात अमेरिकन गाड्यांची परंपरा जुनी असली तरी तीत अशा गाड्यांना जागा नव्हती. कुर्ला येथील प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९४७ पासून डॉज, प्लिमथ व डिसोटो या गाड्या जुळवल्या. त्या प्रामुख्याने सहा सिलिंडरच्या, शांत स्वभावाच्या मोटारी होत्या. मसल कारच्या ऐन भरात, म्हणजे १९६० च्या दशकात, भारतात मोटारींची आयात जवळपास बंद होती. त्यामुळे त्या पिढीच्या मराठी वाचकाने या गाड्या चित्रपटांत व मासिकांत पाहिल्या, रस्त्यावर नव्हे. 'भारतीय मसल कार' हे बिरुद बोलीत हिंदुस्थान मोटर्सच्या काँटेसाला (१९८४–२००२) मिळाले. ते तिच्या लांब बोनटामुळे व रुंद चेहऱ्यामुळे. ब्रिटिश व्हॉक्सहॉल व्हीएक्स या गाडीवर आधारलेल्या काँटेसाचे सुरुवातीचे इंजिन अवघे दीड लिटरचे होते. रूप आणि शक्ती यांतील ही तफावत काँटेसाप्रेमींनाही मान्य असते. तरीही नाव टिकले आहे आणि अनेकांनी पुढे तीत जपानी इंजिने बसवून ते सार्थ करण्याचा प्रयत्न केला.

डब्ल्यू१२४ च्या बाबतीत वादाला आधार आहे तो मालिकेतील दोन दुर्मिळ गाड्यांचा. पहिली म्हणजे एएमजीने १९८६ मध्ये तयार केलेली, 'हॅमर' या टोपणनावाने प्रसिद्ध झालेली सेदान. हान्स वेर्नर आउफ्रेश्ट आणि एर्हार्ड मेल्शर यांनी १९६७ मध्ये स्थापन केलेली एएमजी त्या वेळी स्वतंत्र संस्था होती. तिने ३००ई या गाडीत मोठे व्ही८ इंजिन बसवले. साडेतीनशेहून अधिक अश्वशक्तीची ही चार दरवाजांची गाडी ताशी ३०० किलोमीटरच्या घरात पोहोचत असे. दुसरी गाडी मर्सिडीज-बेंझची स्वतःची, १९९० च्या पॅरिस प्रदर्शनात सादर झालेली ५००ई. तिचे विकसन पोर्शच्या साहाय्याने झाले. ५ लिटरचे ३२६ अश्वशक्तीचे व्ही८ इंजिन मावावे म्हणून चाकांवरील पत्रे फुगवावे लागले आणि रुंदावलेली गाडी नेहमीच्या जुळणी साखळीतून जाईना. त्यामुळे प्रत्येक गाडी झिंडेलफिंगेन आणि पोर्शचे झुफेनहाउझेन यांच्यामध्ये ये-जा करीत सुमारे अठरा दिवसांत पूर्ण होई. अशा एकूण १०,४७९ गाड्या बनल्या.

मध्यम देहात मोठे इंजिन, हे सूत्र दोन्हींना लागू पडते. स्वस्ताईचे सूत्र अजिबात लागू पडत नाही. म्हणून काटेकोर व्याख्या मानणारे त्यांना मसल कार म्हणत नाहीत. भारतात जुळवलेल्या ई२२० व ई२५० डिझेल यांना तर हे नाव कोणत्याही व्याख्येने देता येत नाही. या गाड्यांवर ५००ई ची नाममुद्रा चिकटवण्याची किंवा तिच्यासारखे रुंद पत्रे बसवण्याची प्रथा आढळते. जाणकार खरेदीदार अशी गाडी पाहताना बोनट उघडण्यापूर्वी तिचा चॅसिस क्रमांक तपासतात.

छंदिष्टांमधील स्थान

मुंबईत २०१४ पासून 'ऑटोकार इंडिया' या मासिकाच्या पुढाकाराने जुन्या मर्सिडीज-बेंझ गाड्यांची 'मर्सिडीज-बेंझ क्लासिक कार रॅली' भरते. युद्धपूर्व काळातील संस्थानिकांच्या गाड्यांपासून १९८०–९० च्या दशकांतील सेदानपर्यंत विविध गाड्या तीत सहभागी होतात. अशा मेळाव्यांत डब्ल्यू१२४ चे स्थान काहीसे निराळे आहे. संस्थानी गाड्या संग्राहकांच्या असतात आणि ट्रेलरवरून आणल्या जातात. डब्ल्यू१२४ बहुधा मालक स्वतः चालवत आणतो आणि सोमवारी तिनेच कामाला जातो. तिची प्रतिष्ठा दुर्मिळतेतून कमी आणि दीर्घायुष्यातून अधिक आलेली आहे. युरोपात टॅक्सी म्हणून या गाड्यांनी लाखो किलोमीटरचा प्रवास केला. भारतातही डिझेल आवृत्तीची मोठी धाव घेतलेली उदाहरणे सांगितली जातात. मात्र अंतरमापक बदलणे सोपे असल्याने अशा आकड्यांकडे सावधपणे पाहिले पाहिजे.

दुरुस्ती आणि सुटे भाग

डब्ल्यू१२४ टिकाऊ आहे, हे सर्वमान्य आहे. ती स्वस्तात टिकते, हा मात्र गैरसमज आहे.

पेट्रोल गाडीची सर्वांत कुप्रसिद्ध व्याधी म्हणजे इंजिनाची वायरिंग. १९९२–९३ ते १९९५ या काळात कंपनीने तारांवर निसर्गात विघटन होऊ शकेल असे वेष्टण वापरले. इंजिनाच्या उष्णतेने ते अपेक्षेपेक्षा फार लवकर ठिसूळ होऊन गळून पडू लागले. उघड्या तारा एकमेकींना चिकटल्या की इंजिन अडखळते, मधूनच बंद पडते, क्वचित नियंत्रक संगणकही जळतो. भारतीय ई२२० नेमक्या याच काळातील आहेत. संपूर्ण वायरिंग बदलणे हा खात्रीचा उपाय. नुसती टेप गुंडाळून केलेली दुरुस्ती काही महिने टिकते आणि पुढील खरेदीदाराला फसवते. जुन्या गाडीची पाहणी करताना इंजिनाजवळील तार हलकेच वाकवून वेष्टणाला तडे जातात का हे पाहण्याचा प्रघात यातूनच पडला.

डिझेल इंजिनाला या दोषाचा त्रास त्या मानाने कमी. त्याची तक्रार वेगळी असते. इंधनपंपाभोवतीच्या प्लॅस्टिकच्या पारदर्शक नळ्या व त्यांच्या टोकांची रबरी कडी कालांतराने कडक होतात, तेथून हवा आत शिरते आणि सकाळी गाडी लवकर सुरू होत नाही. नळीत बुडबुडे दिसणे ही त्याची खूण. भाग किरकोळ किमतीचे असतात, पण अननुभवी गॅरेजमध्ये दोष न ओळखता पंपच उघडला जातो आणि खर्च अनेक पटींनी वाढतो.

वातानुकूलन यंत्रणेतील इव्हॅपोरेटर गळू लागल्यास तो बदलण्यासाठी जवळजवळ संपूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागतो. भाग छोटा आणि मजुरी दिवसांची, अशी ही दुरुस्ती आहे. ठिसूळ झालेले प्लॅस्टिक उतरवताना तुटते, ते निराळेच. दरवाजांची कुलुपे विजेऐवजी निर्वात दाबावर चालतात. एका दरवाजातील पडदा फाटला तर चारही कुलुपे सुस्तावतात. मागील निलंबनाच्या रबरी बुशांचा उल्लेख वर आलाच आहे. भारतीय रस्त्यांवर ते लवकर झिजतात, आणि एकेक बदलण्यापेक्षा सर्व एकदम बदलणे शहाणपणाचे समजले जाते.

सुट्या भागांची स्थिती मात्र या वयाच्या इतर गाड्यांपेक्षा पुष्कळ चांगली आहे. जगभर गाड्यांची संख्या मोठी असल्याने यांत्रिक भाग अजूनही तयार होतात, आणि निलंबनाचे बरेच भाग '१९०' मालिकेशी मिळतेजुळते आहेत. दुर्मिळ झाले आहेत ते आतील सजावटीचे भाग: लाकडी पट्ट्या, विशिष्ट रंगाचे आसनकापड, उजव्या सुकाणूच्या गाडीचा अभंग डॅशबोर्ड. या भागांसाठी एखादी मृत गाडी विकत घेऊन ठेवण्याची पद्धत आहे. पुण्या-मुंबईत या मालिकेवर काम करणारे जुने कारागीर आहेत. त्यांच्यापैकी अनेकांचे शिक्षण याच गाड्यांवर झाले. त्यांचे ज्ञान प्रामुख्याने हाताचे व कानाचे आहे, कागदावर फारच थोडे उतरले आहे.

ध्वनियंत्रणा

मोटारीतील ध्वनियंत्रणेचा छंद असणाऱ्यांसाठी डब्ल्यू१२४ ही गाडी एकाच वेळी आकर्षक आणि अडचणीची आहे. दारे जड व घट्ट बसणारी, आतील शांतता उत्तम; पण मूळ स्पीकर लहान, डॅशबोर्डच्या दोन टोकांना व मागील काचेखालच्या फळीत. खालचे स्वर पुरेसे येत नाहीत. मोठे स्पीकर बसवण्यासाठी दारांचे अस्तर कापावे लागते आणि एकदा कापलेले अस्तर परत मिळत नाही. मूळ रूप जपणारे म्हणून डिकीत प्रवर्धक व बंद पेटीतला वूफर ठेवून दारांना हात न लावण्याचा मार्ग पत्करतात.

मर्सिडीज गाड्यांत परंपरेने बेकर या जर्मन कंपनीचे रेडिओ-कॅसेट संच बसवले जात. चोरी टाळण्यासाठी त्या काळच्या संचांना सांकेतिक क्रमांक असे. बॅटरी काढली की तो पुन्हा द्यावा लागतो, आणि गाडीसोबतचे कार्ड हरवले असेल तर संच मुका होतो. अनेक मूळ संच याच कारणाने फेकले गेले. आता कॅसेटचे युग संपल्यावर त्यांनाच मागणी आहे. बाहेरून जुना, आत ब्लूटूथची सोय केलेला संच ही तडजोड अलीकडे रूढ होत आहे. मागील पंखावरून वर येणारी विद्युत अँटेना चालू स्थितीत असणे, हे गाडीची निगा राखली गेल्याचे एक छोटे लक्षण मानले जाते.

कायदेशीर स्थिती

भारतात खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी वैध असते, त्यानंतर तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांहून जुन्या मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांहून जुन्या मोटारींसाठी ते १०,००० रुपये करण्यात आले. महाराष्ट्रात याशिवाय पर्यावरण कर भरावा लागतो. दिल्ली व राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात दहा वर्षांहून जुन्या डिझेल आणि पंधरा वर्षांहून जुन्या पेट्रोल गाड्यांबाबत न्यायालयीन आदेशांनी लागू झालेले निर्बंध महाराष्ट्रात नाहीत. परिणामी तेथील सुस्थितीतील गाड्या इतर राज्यांत विकल्या जाऊ लागल्या.

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये अभिजात वाहनांच्या नोंदणीसाठी स्वतंत्र नियम केले. त्यानुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे पूर्ण झालेली व मूळ रूपात असलेली गाडी 'व्हीए' ही अक्षरे असलेल्या क्रमांकाने नोंदवता येते. शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे. प्रदर्शने, रॅली व दुरुस्ती अशा कारणांव्यतिरिक्त ती रस्त्यावर आणता येत नाही. पिंपरीत जुळवलेली पहिली डब्ल्यू१२४ या वर्गात २०४५ मध्ये पात्र होईल. तोपर्यंत कायद्याच्या दृष्टीने ती केवळ एक जुनी गाडी आहे, आणि दर पाच वर्षांनी तिला इतर कोणत्याही जुन्या गाडीप्रमाणे तपासणीस उभे राहावे लागते.

पेट्रोल आवृत्तीपुढे इंधनाचाही प्रश्न आहे. २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल २०२५ पर्यंत देशभर सर्रास झाले. डब्ल्यू१२४ च्या इंधन नळ्या, सील व पंप यांची रचना अशा मिश्रणासाठी झालेली नव्हती, आणि इथेनॉल जुन्या रबराला मारक ठरू शकते. गाडी दीर्घकाळ उभी राहिल्यास मिश्रण हवेतील ओलावा शोषते. नव्या प्रतीच्या रबरी नळ्या बसवणे, टाकी कमी रिकामी ठेवणे आणि गाडी आठवड्यातून एकदा तरी चालवणे हे उपाय मालक सध्या योजत आहेत.